पुढचा उजवा खांदा

निवळखोलच्या सोमजाईची पालखी, देवीची चांदीची रूपं लावून आणि हारफुलांनी भरून, ब्याऐंशी किलो होते हे गावाला ज्या वर्षी कळलं, त्याच वर्षी ती गावाला उचलेनाशी झाली. त्याआधी कित्येक पिढ्या तिचं वजन कोणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणून ती बिनबोभाट उचलली जात होती.

वजन करायची वेळ आली ती शिमग्यामुळे. होळी पेटली की पालखी देवळातून निघते, पाच दिवस वाड्यावाड्यांतून नाचते आणि शेवटी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी ओट्यावर, टेकते. सहाणेखेरीज ती कुठे टेकायची नाही. आदल्या शिमग्यात वरच्या वाडीच्या घाटीत ती टेकली. पुरती नाही; एक कोपरा, दोन बोटं. पण टेकली. कोणीच काही पाहिलं नाही असं गावाने एकमताने ठरवलं, आणि मग वर्षभर दुसरा विषय बोललं नाही.

उपाय दोनच होते. खांदेकऱ्यांचं वय कमी करायचं, नाहीतर पालखीचं वजन. वय गावाच्या हातात नव्हतं. मुंबईचे तरणे चाकरमानी शिमग्याला येत, पहिल्या दिवशी पालखी नाचवत, त्याचे व्हिडिओ जगभर पाठवत आणि दुसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून पडवीत बसत. राहिलं वजन. आणि वजनासाठी गावाकडे वृंदा होती.

वृंदा रमाकांत साळवी पुण्याच्या एका कारखान्यात सतरा वर्षं वजन कमी करत होती. स्वतःचं सोडून सगळ्यांचं. हवाई रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर, पाणबुडीतला जिना, एका मंत्र्याची फिरती खुर्ची. जे येईल ते ती निम्म्यावर आणून परत पाठवी. गावकीने तिला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "डोली तशीच ठेवू. नुसती दांडी बदलू. अडतीस किलोचं सागवान आहे ते. मी सातात बसवते."

देवीच्या वस्तूला हात लावायचा तर देवीला विचारायला हवं. गुरवांनी कौल लावला. उजवा कौल इतका झटकन पडला की गुरवांनाच संशय आला आणि त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा उजवा. "इतकी वर्षं वाट बघत होती वाटतं कोणी विचारायची," असं मागून कोणीतरी म्हणालं, आणि त्याला गप्प करण्यात आलं.

त्या शिमग्यात दांडीला टिकल्या लावल्या. या टिकल्या मुगाच्या डाळीएवढ्या. त्यांना वीज लागत नाही. दांडीच्या थरथरीवरच त्या जगतात आणि आपल्या जागी किती ओझं आलं ते दर क्षणाला कळवत राहतात. दांडीवर जागा आठ. चार पुढे, चार मागे. गावात त्यांना खांदे म्हणतात. खांदा माणसाचा नव्हे, जागेचा. आणि जागा घराची. त्यातला पहिला, पुढचा उजवा खांदा, हा सगळ्यात मोठा मान. तो साळव्यांकडे. म्हणजे सध्या वृंदाच्या वडिलांकडे, अण्णांकडे. शेवटचा, मागचा डावा खांदा, हा मान आहे की नाही यावर गावात दोन मतं होती, कारण तिथून पालखीऐवजी सात जणांच्या पाठी दिसतात. तो बबन शिगवणांकडे.

पाच दिवसांची मोजणी घेऊन वृंदा पुण्याला आली आणि तिने 'विरळा' सुरू केला.

विरळा हा जाळी काढणारा प्रोग्राम. त्याची रीत समजायची असेल तर आपल्या मांडीचं हाड आठवावं. ते वरून भरीव दिसतं, पण खुब्यापाशी कापलं तर आत सगळी जाळी असते. आणि ती जाळी कशीही पसरलेली नसते. चालताना, उभं राहताना जिथून भार जातो त्या वाटेने तिच्या काड्या जाड असतात. जिथून भार जात नाही तिथे हाड स्वतःला आवरतं घेतं. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं म्हणूनच विरतात. शरीर हिशेबी आहे. बसून खाणाऱ्याला ते पोसत नाही.

विरळा हेच करतो, फक्त चार तासांत. त्याला आधी एक भरीव ठोकळा द्यायचा. कुठे धरलंय ते सांगायचं, कुठे भार आहे ते सांगायचं. तो भार टाकून बघतो, ठोकळ्यातला कोणता कण राबतोय आणि कोणता नुसता हजेरी लावतोय. हजेरी लावणाऱ्याला नारळ. मग पुन्हा भार, पुन्हा छाननी, अशा काही हजार फेऱ्या. उरलेल्या भागात तो जाळी विणतो, ताण असेल तिथे जाड, नसेल तिथे बारीक. शेवटी हातात येतं ते यंत्राचा भाग कमी आणि समुद्राने धुतलेलं काहीतरी जास्त दिसतं.

आता ओझं मोजणाऱ्या टिकल्या आणि विरळा एकत्र आल्यापासून जगात थोडी खळबळ माजली होती, ती वेगळीच. एका कॉलेजने ग्रंथालयाच्या फळ्यांना वर्षभर टिकल्या लावल्या; विरळाने फळ्याच काढून टाकल्या. एका संस्थेच्या संचालक मंडळाच्या टेबलाचं त्याने अध्यक्षांच्या कोपरापुरतं टेबल ठेवलं. वस्तू हलक्या होत होत्या आणि माणसं दुखावली जात होती.

वृंदा अशा बातम्या हसत वाचायची. त्या दिवशी पडद्यावर दांडी आली आणि तिचं हसू थांबलं.

मागच्या डाव्या टोकाला दांडी माडाच्या बुंध्यासारखी जाड होती, लालभडक. तिथून ती पुढे बारीक होत आली होती, पिवळी, हिरवी, आणि पुढच्या उजव्या टोकापाशी नव्हतीच. सात खांदे आणि एक रिकामी जागा. खाली विरळाची नम्र ओळ होती: 'या भागास भार नाही. काढला आहे.'

तिने आकडे उघडले. बबन शिगवण, एकतीस किलो. मधले सहा जण, दहाच्या आसपास. रमाकांत साळवी, उणे सात.

उणे. म्हणजे अण्णांनी पालखी उचललेली नव्हती. पालखीने अण्णांना उचललं होतं. पाच दिवस ते दांडीला धरून चालले होते, बसमधल्या दांडीला धरतात तसे.

अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. वृंदा आठ वर्षांची असताना एका मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाच्या, कामावर त्यांनी तिला खाली वाकून दाखवलं होतं, "बघ, माल कुठे जास्त घातलाय? मधे. का? ओझं मधे येतं. जिथे ओझं तिथे माल. बाकी सगळा डामडौल." इंजिनिअर व्हायचं तिने त्या मोरीखाली ठरवलं होतं. आणि आता जिथे ओझं तिथे माल या न्यायाने तिने वडिलांना देवीच्या पालखीतून वजा केलं होतं.

रविवारी ती गावी गेली. हापूस हल्ली शिमग्यातच पाडाला येई, तशी आई पडवीत आंबे निवडत बसली होती आणि अण्णा झोपाळ्यावर होते.

"काय मग, आमची दांडी?" अण्णा म्हणाले.

"होतेय."

"एक कर. मागच्या डाव्या खांद्याचं जरा बघ. बबन नीट धरत नाही. दर वर्षी सांगतो, बबन, नीट धर. घाटीत टेकली ती त्याच्यामुळे. पुढून आपण कितीही ओढून धरलं तरी मागचा माणूस खंबीर लागतो."

"तुमचा खांदा दुखत नाही का हो अण्णा?"

"सवयीचं असतं ते." त्यांनी डावा खांदा चोळला. पुढच्या उजव्या जागेवर दांडी डाव्या खांद्यावर येते. वृंदाने पाहिलं, तो खांदा तुळतुळीत होता. बबनकाकांच्या उजव्या खांद्यावर लादीपावातल्या पावाएवढा घट्टा होता, तो तिने लहानपणापासून पाहिला होता आणि जन्मखूण समजली होती.

अण्णा आंघोळीला गेल्यावर तिने आईला आकडे दाखवले. आईने चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिलं.

"उणे म्हणजे गो?"

"म्हणजे उचलत नाहीत. लोंबतात."

आई पुन्हा आंब्यांकडे वळली. "लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली बाय. भार कोणावर हाय ते कळायला मला टिकली लागत नाय."

"आई, मी काय करू सांग. हे गावकीसमोर मांडायचंय."

"तुझा तो विरळा थापा मारत नाय?"

"मी मारायला लावू शकते. अण्णांच्या जागी बारा किलो भरू शकते. पण मग तो बबनकाकांकडचा माल काढून अण्णांकडे देईल. आणि घाटीत खरा भार बबनकाकांवरच येईल. तिथे जाळी बारीक असेल तर..." तिने दोन्ही हातांनी काडी मोडल्यासारखं केलं.

"मग थापा नको," आई म्हणाली. "देवी हाय वर बसलेली."

"पण जागा ठेवली नाही तर अण्णा..."

"तेही नको," आई म्हणाली, आणि एक डागी आंबा बाजूला काढला. "शिकलेली तू आहेस."

वाट निघाली ती विरळातच. प्रत्येक वस्तूत काही भाग असा असतो की भार असो नसो, त्याला हात लावायचा नसतो. बोल्टची भोकं, नाव कोरायची पट्टी वगैरे. तो आधी रंगवून ठेवला की विरळा त्याला शिवत नाही. वृंदाच्या ऑफिसात त्याला सगळे 'सोवळं' म्हणत. वृंदाने पुढचा उजवा खांदा सोवळ्यात टाकला.

विरळाने पुन्हा चार तास घेतले. दांडीच्या त्या टोकाला आता एक भरीव गोळा आला, नारळाएवढा, आणि त्याला उरलेल्या दांडीशी जोडणाऱ्या चार काड्या. खाली ओळ होती: 'सोवळ्यामुळे वजनात १.४ किलो वाढ. मान्य?'

साळव्यांच्या घराण्याचा मान एक किलो चारशे ग्रॅमचा आहे, हे वृंदाला त्या दिवशी कळलं. तो कोणाच्या खांद्यावर येतो हेही पडद्यावर दिसत होतंच. मागे डावीकडे. तिने 'मान्य' दाबलं. रंगीत चित्र तिने गावकीला पाठवलं नाही. फाईल उघडत नाही म्हणून कळवलं, जे सगळ्यांना लगेच पटलं.

पुढच्या होळीच्या सकाळी तालुक्याच्या छपाई केंद्रातून दांडी आली. बांबूचे तंतू आणि राळ यांची, मधाच्या रंगाची, आरपार. देवळासमोर ती ठेवली तेव्हा सगळं गाव जमलं. बायकांनी जाळीत बोटं घालून पाहिली आणि अनारशाला अशी जाळी पडली तर काय बहार होईल यावर चर्चा झाली. गुरवांनी दांडी एका हाताने उचलली आणि घाबरून खाली ठेवली.

अण्णा पुढे झाले. नवं धोतर, खांद्यावर जरीचं उपरणं. त्यांनी दांडी मागच्या टोकापासून बघायला सुरुवात केली. बबनच्या जागेची जाडी त्यांनी वितीने मोजली. मग एकेक पाऊल पुढे येत, अंगठ्याने काड्या चाचपत, ते पुढच्या उजव्या टोकाला पोचले. मोऱ्या तपासायला जात तेव्हा ते असेच चालत. वृंदाला पळून जावंसं वाटलं.

"हा गोळा कसला?" अण्णांनी हळू विचारलं.

"ते सोवळं आहे अण्णा."

"म्हणजे?"

"म्हणजे... तिथे हात लावायचा नाही, असं सांगितलेलं असतं. त्याला."

"भार नसला तरी?"

अण्णांनी गोळ्यावर टिचकी मारली. बद्द आवाज आला. मग त्या चार काड्यांवरून बोट फिरवलं आणि ते समोरच्या हॉटेलात चहा प्यायला निघून गेले. एकटेच.

चहा संपायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. ढोल तापले, रूपं लागली, आठातले सात खांदे उभे राहिले. बबनकाका आपल्या जागी मागे, गळ्यात टॉवेल. पुढच्या उजव्या खांद्याशिवाय पालखी उठत नाही, सगळे थांबले. वृंदा आईजवळ येऊन उभी राहिली.

"मी बोल्टची भोकं आहेत म्हणून सांगायला हवं होतं," ती पुटपुटली.

"गप उभी ऱ्हा," आई म्हणाली.

अण्णा परत आले. त्यांनी उपरणं झटकलं आणि घसा साफ केला. घसा साफ करणं ही त्यांची गावकीतली ओळख होती.

"मंडळी, मी नोकरीत असताना एक शिकलो," ते म्हणाले. "मोरीला खोटा माल लावला तर साहेबाला कळत नाही, गावाला कळत नाही. पहिल्या पुराला कळतं. तर ही दांडी माझ्या मुलीने केलीय आणि चांगली केलीय. वाचता येते. यंदापासून पुढचा उजवा खांदा बबनचा."

ढोलावरचा हात थबकला.

"नको हो अण्णा!" बबनकाका मागून ओरडले. "पुढं सगळे बघतात. मागं बरं असतं, घाम पुसता येतो."

"पुस तिथे पुढे. ये इकडे."

"अण्णा," वृंदाला बोलावंच लागलं. "तसं नाही करता येणार."

"का? मी देतोय ना!"

"तुम्ही देताय. दांडी नाही देत. बबनकाका जिथे उभे राहिले त्या जागेला ती बेतलीय. ते पुढे आले तर पुढे नुसता गोळा आणि चार काड्या. एकतीस किलो वाहणारा माणूस तिथे उभा राहिला तर दांडी घाटीत मोडेल."

गावाने हे शांतपणे समजून घेतलं. ज्याने आजवर वाहिलं त्यानेच, त्याच जागी, पुढेही वाहायचं. आता तर तशी दांडीच छापून आली होती. ही व्यवस्था जुनीच असली तरी इतकी हलकी आणि देखणी ती कधीच नव्हती. बबनकाकांनी सुटल्यासारखा टॉवेल झटकला. अण्णा उपरण्याचं टोक हातात धरून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मान खाली ठेवला होता आणि तो घ्यायला जागा नव्हती.

"मग उलटे चला की," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई हातातलं ओटीचं ताट सांभाळत, भाजीत मीठ घाला म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "पुढं ते मागं, नि मागं ते पुढं. हाय काय त्यात? मेजाचा ड्रॉवर जाम झाला तर आपण मेज फिरवून भिंतीला लावतो का नाय?"

वृंदाने मनातल्या मनात दांडी फिरवून पाहिली. अर्धा फेरा. मागचं डावं टोक पुढे येऊन उजवं होत होतं. पुढचं उजवं मागे जाऊन डावं. बाकीचे सहाही आपापल्या मापात. सतरा वर्षांत तिने हजारो वस्तू पडद्यावर गरगर फिरवल्या होत्या, आणि हे तिला सुचलं नव्हतं, कारण पालखीला पुढे आणि मागे असतं हे तिने कोणीही न सांगता सोवळ्यात टाकलेलं होतं.

"बसतं," ती म्हणाली. "चपखल बसतं."

गुरवांनी कौल लावला. उजवा. देवी यंदाही घाईत होती. डोली सोडून फिरवून बांधली, म्हणजे रूपांची तोंडं आता पुढे आलेल्या बाजूला झाली. माणसांना मात्र हलावंच लागलं नाही. आठही जण आपापल्या जागी उभे होते तिथेच, नुसते पायावर वळले. एवढ्याने बबन शिगवण गावातला पहिला मानकरी झाला आणि रमाकांत साळवी शेवटचा.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. "बा सोमजाई, आज तुझी लेकरं तुला उलटी धरून सुलटी न्यायला निघाली आहेत..."

"व्हय म्हाराजा!"

"...तर ज्याचा भार त्याला मान दे, आणि ज्याला भार नाय त्याला खांदा दे..."

"व्हय म्हाराजा!"

पालखी उठली. बावन्न किलोंची पालखी इतक्या झोकात उठली की पहिल्याच नाचात देवीची फुलं उडून ढोलवाल्यावर पडली.

दुपारी पालखी वरच्या वाडीच्या घाटीला लागली तेव्हा वृंदा आणि आई वरच्या दगडी गडग्यावर बसून बघत होत्या. नव्या दांडीलाही टिकल्या होत्या आणि आठ आकडे वृंदाच्या फोनवर हलत होते. पुढे बबनकाका, अठरा किलो, आणि तेही डाव्या खांद्यावर. उजव्यावरच्या घट्ट्याला चाळीस वर्षांत पहिल्यांदा वारा लागत होता. लोक त्यांच्याकडे बघत होते आणि ते बिचारे घाम पुसायची सोय शोधत होते.

सगळ्यात मागे अण्णा. तिथे त्यांच्याकडे कोणीच बघत नव्हतं. त्यांचा आवाज मात्र घाटीभर ऐकू येत होता. "बबन, नीट धर!"

"धरलंय हो अण्णा!" पुढून उत्तर आलं.

जिथे दोन वर्षांपूर्वी कोपरा टेकला होता त्या वळणावर पालखी आली. थोडी झुकली. आणि सरळ, बिनटेकता, वर चढली.

वृंदाने फोनकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि तो आईपुढे धरला. मागचा डावा खांदा. दांडी आता अण्णांच्या उजव्या, आजवर न वापरलेल्या खांद्यावर होती. तिथला आकडा स्थिर होता. अधिक दोन.

"अण्णा उचलतायत," ती म्हणाली. "आई, दोन किलो. खरंच उचलतायत."

आईने चष्मा लावून आकडा नीट वाचला. मग खाली घाटीकडे, सात पाठींमागून धापा टाकत चढणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. ओटीच्या ताटातलं कुंकू तिने पदराने झाकलं.

"टिकली सुटली असंल बघ," ती म्हणाली, आणि पालखीला ओवाळायला पुढे झाली.